वेल्ग मुशीचा अंगठा

हेस्काचा अंगठा उडाला तेव्हा खानावळीत दिवसपाळीची गर्दी होती, आणि योर्दाशिवाय कुणीच ते पाहिलं नाही. हेस्काने अळंबीच्या रश्श्याचा वाडगा उजव्या हाताने तोंडाशी नेला होता. डावा हात दगडी मेजावर नुसता पडलेला होता, बोटं सैल, तळवा खाली. त्या हाताचा अंगठा एकदम वर उचलला गेला, आत वळला आणि परत पडला, झोपेत एखाद्याचा पाय झटकावा तसा. पुन्हा एकदा. मग हेस्काने वाडगा खाली ठेवला, उजवा हात डाव्यावर पांघरला आणि समोर पाहिलं. समोर योर्दा होती. दोघींचे डोळे तेच, राखाडी, जड पापण्यांचे. डाव्या भुवईखालची हाडाची चपटी कड तीच. मधे फरक होता तो फक्त पस्तीसेक वर्षांचा. "मीठ कमी आहे," हेस्का म्हणाली. "हो, आक्का," योर्दा म्हणाली. मीठ कमी नव्हतं.

योर्दाने आपला डावा हात मेजाखाली नेला आणि मांडीवर उलटा ठेवला. अंगठा जागेवर होता. जाड, रुंद नखाचा, बुडाशी किंचित वाकलेला. हा अंगठा तिने कधी आपला असा वेगळा पाहिलाच नव्हता. पाहायचं कारण नव्हतं. तो हेस्काकडे होता, हेस्काच्या आधीच्यांकडे होता, वेल्ग मुशीतून ओतल्या गेलेल्या प्रत्येक बाईकडे होता, आणि त्या सगळ्या सुरुंगवाल्या होत्या. हेल्मारमध्ये, या पोखरलेल्या दगडाच्या पोटात, दिव्यांच्या गल्ल्या आणि बोगद्यांत वर-खाली जाणाऱ्या पाळण्यांच्या साखळ्यांमध्ये, माणसं मुशीवरून ओळखली जात. ओद्रिकच्या मुशीचे खांदे. मुकादम तोल्मरच्या मुशीचं गणित. वेल्ग मुशीचे हात. आता तो अंगठा तिला मांडीवर बसलेल्या परक्या प्राण्यासारखा वाटायला लागला, जो शांत आहे कारण त्याने अजून काही ठरवलेलं नाही. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की तो हलला असं तिला वाटलं. हलला नव्हता. की हलला होता. वरच्या झरोक्यांतून हवा खेळवणाऱ्या पंख्यांची घरघर येत होती, ती जन्मल्यापासून ऐकत होती तीच, आणि आज पहिल्यांदाच त्या घरघरीत एक अडखळ आहे असं तिला जाणवलं.

"दोघी मिळून एकाच वाडग्यात जेवत जा की," कुणीतरी मागून म्हणालं. ओद्रिक होता, चिलखताचे बंद उघडे टाकून आलेला. "पोट तर एकच आहे."

"तुमच्या मुशीत डोकं घालायचं राहिलं," हेस्का शांतपणे म्हणाली, "ते आम्ही कधी काढलं का?"

ओद्रिक हसला आणि बाकावर बसला तसा बाक कण्हला. पण त्याच्या मागोमाग तोल्मर आला आणि तो हसत नव्हता. तोल्मर वाईट बातमी देताना दाढी मुठीत धरायचा. लंबू जुन्या गॅलरीत शिरले होते. लंबू म्हणजे ते उंच, बारीक हाडांचे लुटारू, ज्यांची जहाजं गेली कित्येक वर्षं हेल्मारच्या भोवती आकाशात घिरट्या घालत होती. पहिल्या हल्ल्यात त्यांनी बाहेरची भिंत फोडली होती तेव्हा वेल्ग मुशीतल्या बाकी सगळ्या एकाच बोगद्यात मेल्या. उरल्या हेस्का आणि योर्दा. आणि मूसघरातल्या टाकीत आकार घेत असलेली ती तिसरी. "छत पाडावं लागेल," तोल्मर म्हणाला. "आजच. तुम्ही दोघी जा. ओद्रिक पहाऱ्याला." तो हेस्काकडे बघून बोलत होता. हेस्काने मान हलवली. आता बोल, योर्दाला आतून कुणीतरी म्हणालं, आणि ते आतलं कुणीतरी हेस्काच्याच आवाजात बोलत होतं, कारण योर्दाकडे दुसरा आवाज नव्हता. ती बोलली नाही. तोल्मर गेला.

पाळणा खाली जायला लागला की कानांना दडे बसतात आणि माणसं बोलत नाहीत, ही त्यातली बरी गोष्ट. तिघं जाळीला पाठ लावून उभी होती. हेस्काने हातमोजे चढवले होते, आणि मोज्याच्या आत काय चाललंय हे दिसत नव्हतं. योर्दाला नार्क मुशीतला तो म्हातारा आठवला, जो अळंबीच्या वाफ्यांवर खत पसरायचा. नार्क म्हणजे एके काळचे पाळण्याचे चालक, हेल्मारमधले सगळ्यात तेज डोळे. मग त्यांच्यातल्या एकाला कडेचं दिसेनासं झालं. त्याने स्वतःच ते सांगितलं होतं की दुसऱ्या कुणी, हे आता कुणाला आठवत नव्हतं. पण दोष एकात निघाला म्हणजे मुशीत निघाला, त्यामुळे सगळे नार्क पाळण्यांवरून उतरवले गेले, तरुणसुद्धा, ज्यांना गल्लीच्या टोकाचा खिळा दिसत होता. आणि मूस निववली गेली. तिच्यातून पुन्हा कुणी ओतलं गेलं नाही. त्यांना कुणी टाकून बोललं नाही. खानावळीत त्यांना जागा असायची, वाडगा भरून मिळायचा, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना बाकावर थोडी थोडी जागा रिकामी राहायची आणि ती कुणी मुद्दाम ठेवली आहे असं म्हणता यायचं नाही. योर्दासुद्धा तिथे बसली नव्हती कधी. तो म्हातारा शेवटचा होता. त्याच्या मरणानंतर त्याच्यासारखा चेहरा जगात कुठेच राहिला नाही, आणि ही गोष्ट योर्दाला तेव्हा नुसती विचित्र वाटली होती, एखादा शब्द कायमचा विसरल्यासारखी.

टाकीतून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे दिसतं ते कुणाला आठवत नाही म्हणतात. योर्दाला आठवत होतं, किंवा इतक्यांदा कल्पिल्यामुळे आठवत असल्यासारखं झालं होतं. कोमट, खारट द्रव नाकातोंडातून निघत होता, घशात जळत होतं, आणि वर एक चेहरा वाकला होता. तो आपलाच आहे हे तिला पुढे कधीतरी आरशात कळलं. त्या वेळी तो फक्त एक भला मोठा, समाधानी चेहरा होता. "आली," असं तो म्हणाला. त्यानंतरची सगळी वर्षं त्या चेहऱ्याच्या मागोमाग गेली. खडकाला कान लावून आतली भेग ऐकायची. भोकात दारू ठासताना पहार कधी वापरायची नाही, लाकडी दांडाच वापरायचा. आणि टोपी, सुरुंग पेटवणारी ती नखाएवढी तांब्याची टोपी, जी उबेने फुटते, घासून फुटते, कधी कधी कशानेच नाही तरी फुटते, ती मोज्याशिवाय, उघड्या बोटांनीच बसवायची, कारण मोज्याला ती कळत नाही. हेस्का शिकवताना रागावायची नाही. योर्दाची चूक व्हायच्या आधीच तिला ती ठाऊक असायची. तीच चूक तिने तीच बोटं वापरून केलेली असायची.

जुन्या गॅलरीत हवा विरळ होती आणि जुन्या धुराचा वास होता. लाकडी टेकूंच्या रांगा अंधारात गेल्या होत्या, आणि त्या रांगांच्या पलीकडे, लांब, काहीतरी खडकावर टिचत होतं. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. लंबूंच्या पायांना धातूची टोकं असतात. ओद्रिक बंदूक घेऊन पुढे जाऊन उभा राहिला, त्यांच्याकडे पाठ करून, आणि त्याच्या रुंद पाठीने बोगद्याचा अर्धा अंधार झाकला. बाकीचं काम दोघींनी न बोलता उरकलं. भोकं पाडली, दारू भरली, दांड्याने ठासली, तारा ओढल्या. योर्दाचे हात आपसूक चालत होते. तिचे डोळे मात्र एकाच जागी होते. हेस्का गुडघ्यावर बसली. तिने मोजे काढले. दिव्याच्या उजेडात ते दोन हात बाहेर आले तेव्हा योर्दाला त्यांच्याकडे पाहवेना आणि दुसरीकडेही पाहता येईना.

पहिली टोपी बसली. दुसरी बसली. हेस्का उजव्या हातात टोपी धरायची आणि डाव्याने तारेचं तोंड तिच्या आत हळूच सरकवायची, आणि ते सरकवणं होत असताना श्वास बंद ठेवायची, तेव्हा योर्दाचाही श्वास बंद व्हायचा. टिक. जवळ आल्यासारखं. "लवकर," ओद्रिक पाठमोराच म्हणाला. हेस्काने तिसरी टोपी डबीतून काढली. योर्दाच्या जिभेवर तांब्याची चव येत होती. 'आक्का, दे इकडे' असं म्हणायला तोंड उघडायचं होतं. म्हटलं तर ओद्रिक ऐकणार. ओद्रिकने विचारलं तर काय सांगायचं? मूसघरातल्या टाकीत आत्ता कुठे बोटं फुटली असतील, तिच्या हातालासुद्धा. नको. थोडंच राहिलंय. आणि मग तो अंगठा उडाला. खानावळीत उडाला होता तसाच, निवांत, जणू त्याचा या बोगद्याशी काही संबंध नाही. टोपी हेस्काच्या बोटांतून निसटली, गुडघ्यावर बांधलेल्या पत्र्याकडे निघाली, आणि योर्दाचा तळवा तिच्याखाली होता. तो तिथे कधी गेला ते तिला ठाऊक नव्हतं. टोपी तळव्यात येऊन पडली. हलकी, थंड. फुटली नाही.

हेस्काने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात शरम नव्हती, भीती नव्हती. दमलेलं माणूस बाकावर बसताना जसं दिसतं तशी ती दिसली. मग ती सरकली आणि तिने जागा करून दिली. योर्दाने मोजे काढले. तार हातात घेतली. आता हलेल, तिला वाटलं. आत्ता. माझाही त्याच हाडाचा, त्याच नसांचा आहे, त्याला सवड मिळालीय, तो वाट बघत होता. तार टोपीत सरकली. हात दगडासारखा होता. पण तो स्थिरपणा आता तिचा नव्हता, कुणीतरी परत मागणार होतं असा होता.

"झालं का?" ओद्रिकने विचारलं.

"झालं," हेस्का म्हणाली.

तिघं मागे वळली तेव्हाच दगड पडला. सुरुंगाचा नव्हे, छताचाच एक तुकडा, जुन्या टेकूवर इतकी वर्षं तोललेला, ड्रिलच्या हादऱ्याने मोकळा झालेला. त्याची भेग त्यांच्या डोक्यावर सरळ दिसत होती. सुरुंगवाली बोगद्यात शिरली की आधी वर बघते. हे शिकवावंसुद्धा लागत नाही. योर्दाने वर पाहिलं नव्हतं. दगड ओद्रिकच्या खांद्यावर आला आणि चिलखतासकट खांदा आत गेला, ओल्या लाकडासारखा आवाज झाला. ओद्रिक बसला. ओरडला नाही. दोघींनी त्याला काखांत धरून ओढत वळणापर्यंत नेलं, मागे टिक टिक आता सलग झालं होतं, धावण्यासारखं, आणि वळणावरून योर्दाने कळ दाबली. आवाज आधी पायातून आला. मग वारा आला, धूळ आली, दिवा विझल्यासारखा झाला, आणि मग इतकी शांतता आली की तिला स्वतःच्या पापण्या ऐकू येत होत्या. गॅलरी बंद झाली होती. पलीकडून काही येत नव्हतं.

पाळण्यात ओद्रिकला खाली बसवलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तरी त्याने विनोद करायचा प्रयत्न केला. "आमच्या मुशीत खांदे तेवढे चांगले घातले होते," तो म्हणाला. "तेही गेले." मग डोळे मिटून, "पहारेकऱ्याने दोन्हीकडे बघायचं असतं. मी पाठ करून का उभा राहतो, माहितीय का आक्का?"

हेस्काने डावा हात उजव्याखाली घेतला.

"खडकातली मागली मोठी शीर फोडली तेव्हापासून राहतोय," ओद्रिक म्हणाला. "एकदा मागे वळलो होतो, तेव्हा दिसलं. म्हटलं, आपण आता पुढेच बघावं. बघितलं नाही म्हणजे सांगावं लागत नाही."

"सांगायचं होतंस," हेस्का म्हणाली.

"कसं सांगू? त्या हातांनी मला इतकी वर्षं घरी आणलंय." तो थोडं हसला आणि त्यातच विव्हळला.

साखळी वर खेचली जात होती, कडी कडीने. हेस्का हळू आवाजात योर्दाला म्हणाली, "आणखी एखादी शीर निघू दे. टाकीतली बाहेर येऊ दे, शिकू दे थोडं. मग मीच थांबते. कुणाला कळणार नाही." ते बरोबर होतं. योर्दाने हेच ठरवलं असतं. तिच्या मनात ते याच शब्दांत आधीच आलेलं होतं. पण ती ओद्रिकच्या खांद्याकडे बघत होती, जिथे चिलखताचा पत्रा मांसात रुतला होता. तिथे खाली ओद्रिक पुढेच बघत होता. ती अंगठ्याकडे बघत होती. हेस्का आपला हात सांभाळत होती. बोगद्यात तीन माणसं होती आणि वर कुणीच पाहिलं नव्हतं. अंगठ्याने कुणाला मारलं नव्हतं; अंगठा लपवताना हे झालं होतं. आणि उद्याच्या बोगद्यात माणसं जास्त असतील. हे तिला शब्दांत सुचलं नाही, घामासारखं अंगावर आलं. पाळणा थांबला. वैद्यांनी ओद्रिकला उचललं. हेस्का हात धुवायला गेली. योर्दा अंगावरच्या धुळीसकट तोल्मरच्या खोलीत गेली, आणि तिने सांगितलं.

तोल्मरने दाढी मुठीत धरली. "कुणाचा हात?" त्याने विचारलं.

"आमचा," योर्दा म्हणाली.

तिला वाटलं होतं हेस्का रागावेल. हेस्काने ऐकलं, मान हलवली आणि कमरेची टोप्यांची डबी सोडून स्वतःच मेजावर ठेवली. मग योर्दाच्या कमरेचीही सोडली, कारण योर्दाच्या बोटांना गाठ सुटत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना मूसघरात बोलावलं. तिथे तोल्मर होता, आणि ग्रेव्हा होती, जी मुशी सांभाळते आणि जिला हेल्मारमधला प्रत्येक चेहरा तो येण्याआधीपासून ठाऊक असतो. उबदार, दमट हवा. भिंतीत ओळीने काचा. ग्रेव्हाने फार शब्द वापरले नाहीत. वेल्ग मुशीला यापुढे आगीचं काम नाही. मूस निववायची. "राहिली ही," ती म्हणाली, आणि तिने एका काचेवर हात ठेवला. आत पिवळसर द्रवात पाय पोटाशी घेतलेलं काहीतरी होतं, पाठ त्यांच्याकडे, मणक्याचे मणी दिसत होते. "हिचं तुम्ही सांगायचं. तुमच्या मुशीतली आहे. थांबवायची की येऊ द्यायची."

"थांबवा," हेस्का म्हणाली.

ग्रेव्हाने मान डोलावली आणि ती वळणार, तेवढ्यात योर्दा म्हणाली, "नाही."

पंखे घरघरत होते. "मुशीचा एकच आवाज असतो," ग्रेव्हा म्हणाली, रागाने नव्हे, गोंधळून. तिच्या सगळ्या आयुष्यात तिने एका चेहऱ्याकडून दोन उत्तरं ऐकली नव्हती. हेस्का योर्दाकडे वळली. "तिला काय देणार आहेस?" ती म्हणाली. "वाफ्यावरचं खत? बाकावर दोन्हीकडे रिकामी जागा? रोज उठून हात बघायचा, आज की उद्या? तू कालपासून काय करतेयस ते मला दिसत नाही का? एका रात्रीत तुझं तोंड माझ्याएवढं म्हातारं झालंय."

हेस्का बरोबर बोलत होती, नेहमीच बोलायची. कालपासून तिने शंभरदा तो अंगठा पाहिला होता, झोपेतून उठून पाहिला होता. तरी आत कुठेतरी ते 'नाही' बसलेलं होतं, हट्टी, आणि ते कुठून आलं हे ती शोधत होती तर सापडत नव्हतं. ते हेस्काकडून आलेलं नव्हतं. मुशीतून आलेलं नव्हतं. त्याचं तिला भय वाटलं, बोगद्यात वाटलं नव्हतं इतकं. "मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण हात म्हणजेच आपण, असं मला वाटत नाही. आता नाही वाटत."

हेस्काने तिच्याकडे पाहिलं. आरशात बघावं तसं बघायची तिची सवय होती. आज ती तसं बघत नव्हती. ती तिचं नाक, भुवया, ओठ एकेक करून बघत होती, नवं माणूस वस्तीत आलं की बघतात तसं. तिचा डावा हात कमरेशी लोंबत होता आणि अंगठा उडत होता, आणि तिने तो झाकला नाही.

"हिचा शब्द धरा," ती शेवटी ग्रेव्हाला म्हणाली. "टाकीतल्या त्या पोरीबरोबर हीच राहणार आहे. मी नाही."

बाहेर गल्लीत पाळी सुटल्याची गर्दी सुरू झाली होती. माणसं दोघींच्या बाजूने जात होती, आणि काहींना कळलेलं होतं, कारण ती थोडी जास्तच वाट देत होती. वळणाशी हेस्का थांबली. "मला हे सुचलं नसतं," ती म्हणाली. त्यात कौतुक होतं की दुखावलेपण, योर्दाला सांगता आलं नाही. पहिल्यांदाच सांगता आलं नाही. ती विचारणार होती, पण हेस्का पाळण्यांकडे वळली होती, ओद्रिकला बघायला निघाली होती. मागून तिची चाल योर्दाला दिसत होती, आखूड पावलांची, उजवीकडे किंचित झुकलेली. आपणही असंच चालतो का, असा प्रश्न तिला पडला, आणि उत्तर काय असेल याची काहीच कल्पना नसताना ती अळंबीच्या वाफ्यांच्या दिशेने चालायला लागली.